चाळीखालची जागा

मी किशोरांसाठी कादंबऱ्या लिहिते, त्यामुळे शाळांतून बोलावणं येतं. तिथे सगळ्यांना माझ्या तोंडून एकच ऐकायचं असतं: मुलांनो, आपल्या भोवतालचं लिहा. मी सांगते, टाळ्या पडतात. त्यापायी माझं काय गेलं, ते सांगत नाही.

लासलगावजवळ दोन खोल्यांत आमचं अख्खं खटलं राहायचं. नववीत मला ऊठसूट रडू यायचं आणि रडायला जागा नव्हती. अंगणात कांदा साठवायची चाळ होती. कांद्याला खालून हवा लागावी म्हणून तिचा तळ फटींचा आणि जमिनीपासून उचललेला असतो. त्या पोकळीत मी सरपटत शिरायचे. वरून सडक्या कांद्याचं पाणी केसांत ठिबकायचं, पण तिथे कुणी हाक मारत नसे. माझी म्हणावी अशी तेवढीच जागा होती.

शाळेत गोष्ट लिहायला सांगितली, तेव्हा माझ्या नायिकेनं मात्र स्वतःच्या खोलीचं दार धाडकन लावलं आणि ती उशीत तोंड खुपसून रडली. बाईंनी गोष्ट वर्गात मोठ्यानं वाचली. मग म्हणाल्या, "तुझ्या घरी कुठली गं अशी खोली? कांद्यात बस की, डोळ्यांना पाणी आपोआप येईल." वर्ग खदाखदा हसला. मला बाईंचा गळा धरावासा वाटला.

त्याच रागात मी दुसरी गोष्ट लिहिली. नायिकेला चाळीखाली घातलं, ठिबकणाऱ्या पाण्यासकट. या वेळी बाईंनी ती स्वतःच छापायला पाठवली. गोष्ट एका वर्तमानपत्राच्या मुलांच्या पानावर छापून आली. भावानं तिचा फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि मी कुठे जाऊन रडते, ते दुपारपर्यंत साऱ्या भावकीला कळलं.

"रडायलाच जाती ना?" आई म्हणाली. "मग येताना खाली पडलेले सडके घेऊन येत जाय." चुलते पोट धरून हसले. मी दिसले नाही की चुलती आधी चाळीखाली वाकून बघू लागली.

वडील तेवढे हसले नाहीत. ते चाळीखालची पोकळी बंद करायला तारेची जाळी घेऊन आले. "तिथं साप निघतो. लय घाण हाय. धर इकडून." त्यांना खरंच काळजी होती, म्हणून भांडताही येईना. ते खिळे ठोकत पुढे सरकत होते आणि मी जाळी धरून मागोमाग. हुंदका घशाशी आला, पण तो घेऊन जायचं कुठे?

"नीट धर," वडील म्हणाले. मी नीट धरली.