मागचं झाकण

फोटोवाली बोलायची ती ओरडून. भिवंडीत बापाचे कापडाचे लूम, त्या खडखडाटात लहानाची मोठी झालेली. शेजारी बसली तरी पलीकडच्या शेतात ऐकू जाईल असं बोले. पण कॅमेरा डोळ्याला लावला की तोंड बंद. ओरडणारं माणूस असं एकदम गप्प झालं की मला संशय येतो. तेव्हाही आला.

दिवसच तसे होते. आमच्या पूर्णा गावात शेतांवर गोडाऊनं उठत होती आणि दलाल नाना सोंगं घेऊन येत. एकजण बकरी विकत घ्यायला म्हणून आला आणि आमचा बांध पावलांनी मोजून गेला. आमचं उरलेलं ते एकच शेत. त्यात वाल लावलेला, आणि वालात ही कॉलेजची पोरगी उभी.

"कुणी पाठवली तुला?" मी विचारलं.

"कुणी नाही, बाबा. शिकतेय. मला पेपरासाठी फोटो काढायचेत."

"लग्नाचे काढ की."

"लग्नात सगळे सजून बसतात. मला कामावरची माणसं पाहिजेत."

आमच्या हिला हसू आलं. "राहू द्या तिला. तुमचा शेत काय त्या डब्यान घालून नेते का ती?"

मग ती दर रविवारी येऊ लागली. ट्रकच्या आरशात बघून दाढी करणारा ड्रायव्हर, गोणींवर झोपलेले हमाल, असलं काय काय काढी. कुणी अवघडून उभं राहिलं की सांगे, "मी इथं नाहीच असं समजा." चोरालाही हेच पाहिजे असतं, असं मी तिला तोंडावर म्हटलं. ती मोठ्यानं हसली आणि हिच्या हातची भाकर खाऊन गेली. भाकर खाल्ली म्हणून माझा संशय गेला नाही.

एका रविवारी तिनं कॅमेरा बांधाकडे धरला. मध्ये आमची ही शेंगा तोडत होती, पण मला बांधच दिसला. पोरगी पाणी प्यायला घरात गेली, कॅमेरा ओट्यावर ठेवून. मी मागचं झाकण उघडलं. मला वाटलं, काढलेले फोटो आत लागून बसलेले असतील, बघून घेऊ. आत नुसती चकचकीत पट्टी. उन्हात धरून नीट बघितली, तरी काही दिसेना.

पोरगी दारात येऊन उभी राहिली. कॅमेरा माझ्या हातात असताना ती गप्प झाली, असं तेव्हा पहिल्यांदा झालं.

"काय केलात?" हिनं मला विचारलं.

"जाऊ द्या आजी," पोरगी म्हणाली. "पुढच्या वेळी काढू."

पुढची वेळ आली नाही. तिची परीक्षा आली आणि आमच्या घरात कावीळ आली. तीन आठवड्यांत ही गेली. बाराव्याला हार घालायला फोटो नव्हता. मतदानाच्या कार्डावरचा मोठा करून आणला, तर भलतीच कुणी घाबरलेली बाई निघाली.

पोरगी भेटायला आली ती एक फोटो घेऊन. त्या दिवशीच्याच रोलातला. "फिल्मचे वरचे वेढे उन्हानं गेले, बाबा. आतला एवढा राहिला."

फोटोत मी आधी बांध शोधला. खोटं कशाला सांगू. बांध त्यात कुठंच नव्हता. ही होती, ओटीत शेंगा, हसताना. अर्धा चेहरा होता, अर्ध्यावर नुसता पांढरा उजेड. पोरगी एका शब्दानं बोलली नाही. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं. तो फोटो मी भिंतीला लावला. सून म्हणाली, अर्धं तोंड बरं दिसत नाही. म्हटलं, राहू दे, ते माझ्याच हातचं काम आहे.

पुढं पोरीला लांब नागपूरकडं पेपरात नोकरी लागली. निरोप घ्यायला आली तेव्हा म्हणाली, "तुमचा एक काढते, बाबा. मी इथं नाहीच असं समजा."

"नको," मी म्हटलं. "या घरात एक माणूस नाय, तेवढं बस झालं. तू हायेस ती हायेस."

ती हसली नाही. कॅमेरा डोळ्याला लावून गप्प झाली.

"थांब," मी म्हटलं. "मागचं झाकण लागलंय का, ते बघ आधी."