कंट्रोलवरचा बॅज

ऑलिव्ह,

तू फोन उचलत नाहीस, आणि जिन्यात गाठ पडली की शेजारच्या मर्विनच्या गुडघ्यांबद्दल बोलायला लागतेस. म्हणून लिहिते. तुझी गोष्ट तुलाच ‘तू, तू’ करून सांगितली तर दुसऱ्या ओळीला कागदाची घडी घालशील, हेही मला ठाऊक आहे. तेव्हा तिऱ्हाइताची असल्यासारखी सांगते. कुठं चुकलं तर वर येऊन सांग. छत्तीस पायऱ्या आहेत, फार नाहीत.

अंधेरी पूर्वेला, मरोळ गावठाणाच्या तोंडाशी डॉक्टर श्यामसुंदर यांचं एक्स-रे सेंटर आहे. ऑलिव्ह मिस्किटा तिथं एकोणीस वर्षं टेक्निशियन. त्याआधीची दहा वर्षं सांताक्रूझच्या एका नर्सिंग होममध्ये अंधाऱ्या खोलीत फिल्म धुण्यात गेली. बोटांना तो आंबट वास इतका चिकटला होता की चर्चमध्ये शेजारची बाई सरकून बसे. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणे, “कोण आवडणार गो? सगळ्यांचे सांगाडे बघून झालेत माझे.”

तिचा चेहरा ओळखत नाहीत असे लोक मरोळमध्ये सापडतील, आवाज ओळखत नाहीत असे नाहीत. “श्वास घ्या. धरा. हलू नका. सोडा.” मासळीबाजारात तिनं नुसतं “थांबा” म्हटलं तर दोन-चार जण छाती फुगवून उभे राहत. एकदा एक म्हातारा औषधाच्या दुकानात तिला बघून श्वास रोखूनच बसला. तिनं “सोडा हो काका” म्हटल्यावर त्यानं सोडला.

कामात ती कडक होती. एक्स-रे फुकटचा फोटो नव्हे, हे ती रोग्याला सांगे आणि डॉक्टरांनाही. महिन्यापूर्वीची फिल्म घरी असेल तर ती आणायला माणूस परत पाठवी. मुलांच्या कमरेला शिशाचा एप्रन स्वतः बांधी. आणि बाईमाणूस आत आलं की दार लावायच्या आधी विचारी, “पाळीची तारीख?” नवऱ्यासमोर, सासूसमोर, कुणाहीसमोर. बायका लाजत. “लाजायचं नंतर,” ती म्हणे, “आधी तारीख.” दिवसाकाठी पंचवीस-तीस बायकांना ती हे विचारत होती.

आता बॅजचं सांगते. किरणांपाशी काम करणाऱ्यानं छातीवर एक छोटा बॅज लावायचा असतो. अंगावर किती किरण पडले ते त्यात साठतं. दर तीन महिन्यांनी सगळे बॅज लॅबमध्ये जातात, नवे येतात आणि मागून रिपोर्ट येतो. प्रत्येक पाकिटात एक बॅज बिननावाचा असतो. त्यावर इंग्रजीत ‘कंट्रोल’ छापलेलं असतं.

सेंटरमध्ये ‘कंट्रोल’ म्हणजे मशीनच्या बटणांची जागा. खोलीच्या कोपऱ्यात पार्टिशन, कमरेपर्यंत शिशाचा पत्रा, वर काच, मागच्या भिंतीवर बटणं आणि एक उंच स्टूल. “कंट्रोलवर कोण आहे?” असंच सगळे विचारत. तेव्हा पहिलं पाकीट आलं तसं वॉर्डबॉय काशीराम साटमानं अक्षरं लावून वाचलं आणि बटणांच्या वरच खिळा ठोकला. कंट्रोलचा बॅज, तो कंट्रोलवर. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. ऑलिव्हलाही नाही.

वर्षानुवर्षं तो खिळ्यावर होता. सकाळी ती त्याला “गुड मॉर्निंग, साहेब” म्हणे. काशीराम म्हणे, हा आपला चौथा स्टाफ, ना पगार ना रजा. रिपोर्ट आला की ऑलिव्ह मिस्किटा शून्य. काशीराम निवृत्त होऊन गावी गेला तोवर काशीराम शून्य. दोन वर्षांपूर्वी घाटकोपरची सपना गमरे कामाला लागली, ती शून्य. रिपोर्ट फाइलला स्टेपल व्हायचा, संपलं.

मागच्या डिसेंबरात सपना डबा खाता खाता म्हणाली, “ऑलिव्ह आंटी, दुसरा महिना सरला.”

“कसला?”

“कसला म्हणजे काय यार, आंटी!”

ऑलिव्हनं चमचा खाली ठेवला. तीस बायकांना तारीख विचारायची, आणि हातभर अंतरावर बसणाऱ्या पोरीला कधी विचारली नव्हती.

“उद्यापासून कंट्रोलवर बसायचं नाही.”

“मग कुठं बसू? सर म्हणतील घरीच बस. आणि रिपोर्ट शून्य आहे ना माझा? दोन वर्षं शून्य.” मग डब्याचं झाकण लावत ती म्हणाली, “मागच्या वर्षी ताप म्हणून आठ दिवस गेलेले ना मी, तो ताप नव्हता. तेव्हा पण दुसराच महिना होता, राहिलं नाही. तेव्हा पण शून्यच होता रिपोर्ट. मी मुद्दाम बघितलेला.”

त्या संध्याकाळी ऑलिव्ह रिपोर्टची फाइल पिशवीत घालून आपल्या राहत्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर गेली. तिथं वनमालाबाई राहतात. पस्तीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं, आता सोसायटीच्या सेक्रेटरीला पाण्याच्या टाकीचं गणित शिकवतात.

“टीचर, जरा बघा. शून्य म्हणजे शून्यच ना?”

बाईंनी चष्मा लावला. “शून्य कुणाचंच नसतं. थोडे किरण या घराच्या भिंतीतून येतात, आभाळातून येतात. तेवढे लॅबवाले वजा करतात. किती वजा करायचे ते कशावरून कळतं? ही शेवटची ओळ कुणाची, नाव नाही, आकडा नाही ती?”

“तो आमचा कंट्रोल.”

“ठेवता कुठं?”

“कंट्रोलवर.”

बाई स्वयंपाकघराकडे बोट दाखवून म्हणाल्या, “दूध मोजताना भांडं आधी रिकामं तोलतात. ते वजन वजा करतात. तुझ्या लॅबचं रिकामं भांडं म्हणजे हा बॅज. तो किरणांपासून लांब, ऑफिसातल्या कपाटात असायला हवा. तुम्ही तो तुझ्या शेजारी टांगला. जेवढं तुला, तेवढं त्याला. वजा केलं की काय उरणार, ऑलिव्ह?”

रिपोर्टच्या तळाशी, स्टेपलच्या पिनेखाली, बारीक इंग्रजीत एक ओळ होती. बाईंनी पीन उचकटली. ‘कंट्रोल बॅजवर किरण पडल्याचे आढळले, सुरक्षित जागी ठेवावा.’ आधीच्या रिपोर्टवरही तीच. त्याच्या आधीच्याही. पिनेची भोकं बरोब्बर त्या ओळीतून गेली होती.

“पण पार्टिशन आहे, टीचर. शिशाची काच आहे. तिकडून इकडे येणार कसे?”

ते बाईंना कसं माहीत असणार?

दुसऱ्या दिवशी ऑलिव्ह पार्टिशनमागे उभी राहिली आणि पहिल्यांदाच काचेतून पलीकडे न बघता काचेकडे बघितलं. स्वच्छ होती. फार स्वच्छ. मग तिला आठवलं की सुरुवातीच्या वर्षांत या काचेतून प्रत्येक रोगी कावीळ झाल्यासारखा दिसायचा. शिशाच्या काचेला पिवळी झाक असते. अकरा वर्षांपूर्वी स्ट्रेचर आपटून काच फुटली, काशीराम नवी घेऊन आला, आणि त्या दिवसापासून रोगी गोरे दिसायला लागले. “झकास काच आणलीस रे,” असं तिनंच म्हटलं होतं.

तिनं काशीरामला गावी फोन लावला. तो चिडला. “मी काय चोरी केलंय? तुमीच सांगितलात, शिशाची काच आण. आणलंय. मी म्हटलं शिशे का काच मंगता. दुकानदार म्हणालो, सब काच शीशे का ही होता है!”

फोन ठेवल्यावर तिला काचेत स्वतःचा चेहरा दिसला आणि खांद्यामागे, अगदी माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर, तो बॅज. अकरा वर्षं तिच्यामागे कुणीतरी असं उभं होतं आणि ती रोज त्याला गुड मॉर्निंग म्हणत होती.

तरी तिची खात्री होईना. रविवारी चर्चमधला मास आटोपून दुपारी ती सेंटरवर गेली, कुलूप उघडलं. रस्त्यावर ऊन होतं, आत फक्त मशीनचा पंखा घुरघुरत होता. रोग्याच्या जागी तिनं पाण्याची बादली ठेवली, कारण किरण माणसावर आदळूनच खोलीभर उडतात आणि पाणी त्यांना माणसासारखंच. पार्टिशनमागे, सपना स्टुलावर बसली की तिचं पोट जिथं येतं तिथं, जुनी एक्स-रे प्लेट चिकटपट्टीनं लावली. प्लेटवर घराची किल्ली चिकटवली. खिळ्यावरचा बॅज काढून तोही शेजारी लावला. मग बटणाची वायर हातात घेऊन शिशाच्या पत्र्याआड जमिनीवर बसली.

पहिलं बटण दाबताना सवयीनं तोंडातून निघालं, “श्वास घ्या. धरा.”

तीस वेळा दाबलं. बादली हलली नाही, कुणी खोकलं नाही. तिसाव्या वेळेनंतर तिच्या लक्षात आलं की आपण ‘सोडा’ म्हटलेलंच नाही, आणि आपलाच श्वास छातीत अडकलाय.

प्लेट वाचायच्या मशीनमध्ये घातली. पडद्यावर करडं धुकं आलं. कोरं यायला हवं होतं. धुक्यात किल्ली उमटली, दात मोजता येतील इतकी. शेजारी बॅजच्या आतल्या धातूच्या चकत्या, काळोखात डोळे असावेत तशा. ज्या जागेत काहीच पोचत नाही असं ती काशीरामला, सपनाला आणि स्वतःला सांगत आली होती, तिचा हा फोटो होता.

सोमवारी तो फोटो तिनं डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. श्यामसुंदर माणूस वाईट नाही, घाबरट आहे. आधी म्हणाले, “मॅडम, तुम्ही रविवारी कुणाच्या परवानगीनं मशीन चालवलंत?” मग फोटो उलटा धरून बघितला, सुलटा धरला.

“ही किल्ली कुणाची?”

“माझी. सपनाच्या पोटाच्या जागी लावलेली.”

डॉक्टरांनी त्या दिवसापासून मशीन बंद ठेवलं. पंधरा दिवसांनी खरी शिशाची काच आली, पिवळट, तपासणाऱ्या माणसाच्या सहीसकट. बॅज ऑफिसच्या कपाटात गेला. सपनाला रिसेप्शनवर बसवलं. तिच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की पार्टिशनमागे पोचलं ते बहुतेक फार थोडं असणार, काळजी करू नकोस. सपनानं ऑलिव्हला विचारलं, “बहुतेक म्हणजे किती, आंटी?”

जुलैत सपनाला मुलगी झाली. दहा बोटं, दहा नखं, घसा फाडून रडणारी. तिचं नाव प्रज्ञा ठेवलं. बारशाला ऑलिव्ह चांदीचा वाळा घेऊन गेली. सपनानं तिला बाजूला घेतलं. “ही ठीक आहे, आंटी. मला त्या आधीच्याचं कळायला हवं. खूप होतं की थोडं होतं, एवढंच. थोडं असेल तर मी ते डोक्यातून काढून टाकीन.”

आता ऑलिव्ह, परत तुझ्याशी बोलते, कारण इथून पुढची गोष्ट तुझी-माझी आहे.

त्या बारशाहून तू थेट माझ्याकडे आलीस. मी सांगितलं, लॅबनं कंट्रोल बॅजचा आकडा वजा केला म्हणजे आधी तो मोजलाय. मोजलाय म्हणजे कुठंतरी लिहिलेला असणार. अकरा वर्षं जे त्याच्यावर पडलं तेच तुझ्यावर पडलं. मागायचे फक्त ते आकडे. तू म्हणालीस, “टीचर, अर्ज तुम्ही लिहा, तुमचं इंग्रजी कडक आहे. रविवारी मास झाल्यावर येते सही करायला.”

अर्ज त्याच आठवड्यात लिहून झाला. अकरा वर्षांच्या तिमाह्या, तारखांसकट. कागदोपत्री किरणांच्या सुरक्षेची जबाबदारी तुझ्या नावावर आहे, म्हणून सही तुझीच लागते. सपनाची चालत नाही, माझी तर नाहीच. तिचं नाव तुझ्या खाली घातलंय.

त्यानंतर नऊ रविवार झाले. चपला तुझ्याच, आवाजावरून मला ओळखू येतात. पहिल्या मजल्याच्या वळणापर्यंत येतात, थांबतात. मी दाराआड उभी असते. मग त्या खाली जातात.

तुला त्या रकान्यात काय निघेल याची भीती वाटते. वाटू दे, मलाही वाटते. पण सपना परवा मार्केटात भेटली, पोरीला खांद्यावर घेऊन. तिनं विचारलं, “टीचर, अर्ज गेला का?”

मी म्हटलं, जाईल.

अर्ज टेलिफोनखालच्या खणात आहे. पेन त्यावरच ठेवलंय.