दोन कापांचा चौकोन

कोल्हापूरहून बिद्रीला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पलीकडच्या बाकावर पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. मांडीवर मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा, हातात कात्री. पुठ्ठ्यातून त्यांनी अधिकच्या चिन्हाचे बरेच आकार काढून ठेवले होते. बस थांबली की त्या कापायच्या आणि सुटली की तुकडे फिरवून जुळवत बसायच्या.

"पुण्याला शिकणाऱ्या लेकीनं घातलंय हे कोडं," त्या म्हणाल्या. "दोन सरळ काप मारायचे आणि तुकड्यांचा चौकोन करायचा."

मी मोबाईलवर उत्तर शोधून त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी पडद्यावर तळहातच ठेवला.

"ऱ्हाऊ दे की, पावणं. दुसऱ्यानं सोडवलेलं बघून मला काय मिळणार हाय?"

तेवढ्यात कंडक्टर ओरडला, "मावशी, तुमचा फाटा आला!"

"जाऊ दे पुढं! गाव कुठं पळून जात न्हाय. हे आत्ता सुटाय लागलंय."

पुढच्या थांब्यावर त्यांनी शेवटचा आकार कापला, या वेळी दोन्ही काप तिरपे. बस सुटल्यावर चार तुकडे मांडीवर फिरले आणि मधे जराही फट न राहता चौकोन झाला. त्यांनी लगेच लेकीला फोन लावला.

"सुटलं गं! व्हय, माझं मीच!"

लेक फोटो मागत असावी.

"फोटो न्हाय. येशील तवा तुझ्यापुढं बसून करून दाखवीन."

मग त्यापुढच्या थांब्यावर त्या उतरल्या आणि उसाच्या कडेनं मागं, आपल्या फाट्याकडं चालू लागल्या. पदर खोचलेला, मान ताठ. मला बस थेट घराजवळ सोडणार होती, तरी त्यांच्या त्या चालण्याचा मला हेवा वाटला.