मैदान तापवणारे अण्णा

सामन्याआधी एकनाथअण्णा प्रत्येकाच्या पाठीत असा धपाटा घालायचे, की मैदानात उतरण्याआधीच आमचा निम्मा दम निघून जायचा. अण्णा चऱ्होलीचे शेतकरी. शेतावर सोसायट्या उभ्या राहिल्या, पण अंगातला कबड्डीपटू काही स्वस्थ बसेना. म्हणून चाकणच्या आमच्या कंपनीच्या संघाला ते हौसेने शिकवायला यायचे. शिकवायचे उत्तम. सामन्याच्या दिवशी मात्र हा माणूस नकोसा व्हायचा.

"रक्त उकळल्याबिगर पकड बसत न्हाई," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. मला ते लागूही पडायचं. मी पकडी करणारा, अंगाने जड, स्वभावाने थंड. दोन शिव्या बसल्याशिवाय मला जागच यायची नाही. चढाई करणारा सलीम वेगळा होता. कंपनीत कंत्राटावर होता. सामन्याच्या सकाळी त्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही, तळहात ओले असायचे. तो आधीच उकळत असायचा, आणि अण्णा त्याच्या कानाशी जाऊन आणखी जाळ घालायचे. मग तो समोर कोण उभं आहे हे न बघता सुसाट आत घुसायचा आणि तिघाचौघांखाली सापडायचा. सरावात मात्र तोच आमच्या हाती लागत नसे.

मी अण्णांना समजावून सांगितलं, चिडून सांगितलं, एकदा तर त्यांच्या घरी जाऊन काकूंनाच सांगायला लावलं. अण्णांचं उत्तर ठरलेलं: पोरात जोश कमी पडतो. पुढच्या सामन्याला ते दुप्पट ओरडायचे.

एका वर्षी कंपनीने संघातल्या एका खेळाडूला कायम करायचं ठरवलं. सलीमचं नाव पुढे होतं. उपांत्य सामना बघायला साहेब येऊन बसले, आणि पूर्वार्धात सलीम जाईल तेव्हा बाद. मध्यंतरात अण्णा तरातरा त्याच्याकडे निघाले. मी आडवा जाणार, तेवढ्यात सलीमच खाली मान घालून म्हणाला, "अण्णा, तुम्ही ओरडता तेव्हा मला समोरच्याचे पाय दिसत नाहीत."

अण्णा म्हणाले, "आधी बोलायचं व्हतं ना, लेका."

इतकी वर्षं मी काय बोलत होतो, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

"हितं थांबलो तर मला गप बसवणार न्हाई," म्हणत ते बाहेर गेले आणि रस्त्यापलीकडच्या टपरीवर मैदानाकडे पाठ करून बसले. उत्तरार्धात सलीम सावकाश शिरला, समोरच्यांचे पाय बघत, आणि हात लावून निसटत राहिला. आम्ही जिंकलो. पुढे सलीम कायमही झाला. सामना संपताच जिंकल्याचं सांगायला टपरीवर धावलो, तर अण्णा चहावाल्याला पटवत होते, की पूर्वार्धात आपण तापवलं म्हणून पोरगं आता चमकणार. मी कपाळाला हात लावला.

पुढे प्रत्येक सामन्याला हेच. अण्णांनी आधी आमच्या पाठी शेकायच्या आणि खेळ सुरू होताच बाहेर जायचं. मोबाइलवर चित्रण दाखवलं, तर तेही नको. बघितलं की ओरडावंसं वाटतं म्हणे.

गेल्या हिवाळ्यात अण्णा गेले. सामन्यातली सलीमची एकही चांगली चढाई त्यांनी डोळ्यांनी पाहिली नव्हती. तरी अंत्यविधीला जमलेली गावातली माणसं सलीमला गाठून त्याच्याच चढायांची वर्णनं ऐकवत होती. सगळी अण्णांनी रंगवून सांगितलेली आणि सगळी चुकीची. सलीमने एकाचीही चूक सुधारली नाही.