आक्काची आवणी

माझी चुलत बहीण, आमची आक्का, सातारा रस्त्यावर ट्रक चालवणारा नवरा गेल्यावर मार्गासनीच्या अलीकडं आमच्याच वाडीत माहेरी येऊन राहिली. नवऱ्याला एचआयव्ही होता, तिलाही निघाला. आली तेव्हा तिला अंगणातून चुलीपर्यंत चालवत नव्हतं. मग पुण्याच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या, वर्षभरात अंग भरलं, आणि आमच्या घरानं तिचे फार म्हणजे फारच लाड सुरू केले.

गोळ्या गरम पडतील म्हणून आई तिला दूध पाजायची. पाण्याचा हंडा उचलू द्यायची नाही. मी भोरला कापडाच्या दुकानात मापं घ्यायचो आणि रविवारी येताना तिच्यासाठी बिस्किटं आणायचो. आम्हाला वाटायचं, केवढं करतो आपण! दवाखान्यातल्या बाईंनी एकदा तिला विचारलं, "कसं वाटतंय?" तर म्हणाली, "तब्येत बरी हाय. पर पावन्यागत बसून बसून बूड दुखतंय."

आक्काला तिच्या वडलांनी ओढ्याकाठचं भाताचं एक खाचर दिलं होतं. भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, आमच्याकडं सावडीनं होते. आज सगळ्यांनी तुझ्या खाचरात, उद्या तू सगळ्यांच्या. मजुरी नाही, अंगमेहनतीची अंगमेहनतीनं फेड. त्या वर्षी पाळ्या ठरवायला बायका आमच्या पडवीत जमल्या आणि आईनं जाहीर केलं, "आक्काचं खाचर सगळ्यांनी मिळून पयलं लावून टाकू. तिनं कुनाकडं यायाचं न्हाई." सगळ्यांनी माना हलवल्या. सगळ्यात जोरात मी हलवली. आक्का शेजारच्या घरी होती. तिला विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

सकाळी आम्ही भाकरीच्या पाट्या घेऊन ओढ्याकाठी पोचलो. मी दुकानातून रजा काढून आलो होतो, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पोटऱ्या कापडाच्या ताग्यासारख्या पांढऱ्या. आक्का बांधावर रोपांच्या जुड्यांवर बसली होती. उठेना.

"ऊठ की गं, रोपं दे," आई म्हणाली.

"मी तुमच्याकडं कवा आले? मग तुमी कशापायी आलात?"

"अगं, आजारी तू."

"व्हते. आता गोळ्या खाते." मग आवाज न चढवता म्हणाली, "काकी, फेडीशिवाय आवणी कुनाची करत्यात?"

उत्तर वाडीतल्या पोरालाही ठाऊक होतं. ज्या घरात मयत झाली असेल, त्या घराची आवणी त्या साली गाव फेड न घेता करतं.

"मालक गेले त्या साली केलीत, म्या न्हाई म्हनले न्हाई," आक्का म्हणाली. "आवंदा कोन मेलंय?"

शेजारची काकू, तिच्या तोंडाला लगाम कधीच नव्हता, मशेरीचं बोट तोंडातून काढून म्हणाली, "बाई, रागावू नगं. पर चिखलात पाय कापला, रगत आलं, तर आमाला…?"

"चिखलानं होत आसतं तर अख्खा येल्हं तालुका दवाखान्यात आसता," आक्का म्हणाली. "माझा पाय कापला तर म्या चिंधी बांधीन. तुमचा कापला तर तुमी बांधा. आन् दवाखान्यातल्या बाईला इचारायचं आसलं तर चला माझ्यासंगं यष्टीनं. तिकीट तुमचं तुमी काढा."

काकू हसली. आई मात्र चिडली होती. तिचं चिडणं म्हणजे मान्य करणंच. "बरं बया, ऊठ. आधी आमच्याकडं चल."

मग सगळी वरात पाट्यांसकट उलटी फिरली. मी तोवर हौसेनं खाचरात उतरून मांडीपर्यंत रुतलो होतो. मला बाहेर काढायला दोघी लागल्या, आणि त्यातली एक आक्का होती.

आमच्या खाचरात ती माझ्या शेजारच्या ओळीत होती. मध्येच तिच्या कमरेच्या पिशवीतलं घड्याळ वाजलं. ती बांधावर गेली, हात धुतले, पाण्याबरोबर गोळी घेतली. काकूनंही कंबर सरळ केली. "तुजी गोळी, माजी मशेरी," म्हणत तीही बांधावर जाऊन टेकली, आक्काच्याच तांब्यातलं पाणी प्याली. मग सगळी ओळच थांबली. पुढं आवणीभर आमची विश्रांती त्या घड्याळावर चालली.

दुसऱ्या दिवशी आम्ही आक्काच्या खाचरात. माझी ओळ शाळा सुटलेल्या पोरांसारखी कुठंही पांगत होती. आईनं "राहू दे, रजा काढून आलाय," म्हणून सांभाळून घेतलं. आक्कानं मागं वळून पाहिलं.

"उपट," ती म्हणाली. "काल म्या तुमच्याकडं सरळ लावलीय."

मी उपटली आणि पुन्हा लावली.