गिअर डाव्या हाताला

तीस वर्षं मी पुण्यात लोकांना गाडी शिकवली. छतावर पाटी लावलेली ड्रायव्हिंग स्कूलची गाडी, शिकणारा उजवीकडे, मी डावीकडे, आणि माझ्या पायाखाली जादा ब्रेक आणि जादा क्लच. कात्रजच्या जुन्या घाटात चढावर गाडी थांबवायला लावायची आणि हाफ क्लचवर, इंचभरही मागे न जाता, पुन्हा उचलायला लावायची, ही माझी परीक्षा. दुपारी बायकांची वेगळी बॅच असायची. नवऱ्यांनी ओरडून ओरडून घाबरवून ठेवलेल्या बायका महिन्याभरात माझ्या हाताखाली खडकवासल्यापर्यंत गाडी नेऊन आणत. ही बढाई नाही. अशा माणसाची किल्ली काढून घ्यायची आणि बदल्यात खेळण्यातलं स्टिअरिंग द्यायचं, हे त्याच्या पोटच्या पोराला सुचलं, तेव्हा ते किती लागलं असेल एवढंच सांगायचं आहे.

गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांत, आणि डाव्या बाजूची नजर बरीच गेलेली. घरी मी एवढंच सांगितलं की थेंब घालायचे आहेत. पुढे जवळजवळ वर्षभराने सोसायटीत गाडी आत घेताना फाटकाच्या खांबाला डावं दार घासलं. ही शेजारी बसली होती, काही बोलली नाही. मुलाला मी फोनवर सांगितलं, पार्किंगमध्ये कुणीतरी घासून गेलं, पुण्यात त्यात नवीन काय? रविवारी तो मांजरीच्या त्याच्या फ्लॅटवरून आला, दारावरच्या ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि चहा यायच्या आधीच म्हणाला, "बाबा, खांबाला घासली ना? आणि हे पहिल्यांदा झालेलं नाही."

वॉचमननेच चुगली केली, यात मला शंका वाटली नाही. त्या दिवसापासून त्याच्या नमस्काराला मी नमस्कार केला नाही.

"मग मी दिवसभर करू काय?" मी मुलाला विचारलं. "भिंतीकडे बघत बसू?"

"त्याचाही विचार केलाय. माझा जुना कॉम्प्युटर इथे टीव्हीला लावून देतो. रेसिंग गेमचं स्टिअरिंग घेऊ. पेडल्स, मॅन्युअल गिअर, एकदम रिअल फील. तुम्हाला हवं ते तुम्ही निवडा. ते घरात आलं की किल्ली माझ्याकडे. डील?"

तो आयटीत आहे. कंपनीत लोकांना नारळ देतानाही हे लोक असंच हसून डील म्हणत असावेत. तरी मी हो म्हणालो. निवडायचं मी होतं, आणि मला पसंत पडेपर्यंत किल्ली माझ्याच खिशात राहणार होती. शिकणाऱ्यांना नापास करायची सवय तीस वर्षांची, तिथे एका प्लास्टिकच्या चाकाचं काय!

असल्या वस्तूंचं दुकान शहरात एका तळघरात होतं. दुकानदार चाळिशीचा, चष्मा कपाळावर, गिऱ्हाईक आलं म्हणून उठून उभं राहायची पद्धत त्याच्याकडे नव्हती. पहिलं स्टिअरिंग त्याने टेबलावर ठेवलं. मी फिरवलं तर ते पाऊण फेऱ्यात अडकलं.

"एवढ्यात यू टर्न कसा घ्यायचा?"

"काका, रेसमध्ये यू टर्न नसतो."

"पुण्यात असतो," मी म्हणालो.

दुसरं चांगलं अडीच फेरे फिरत होतं, पण गिअर चाकामागच्या दोन पत्र्यांवर होते, बोटाने खाटखाट करायचं. खाली पेडलही दोनच. क्लच नाही ती गाडी कसली! पुढच्या रविवारी तिसरं. त्याला दांडा होता, पण तो नुसता पुढे ढकलला की वरचा गिअर आणि मागे ओढला की खालचा. मी म्हणालो, हा हापसा आहे. चौथ्याला तीन पेडल होती, गिअरही खऱ्या गाडीसारखे, पहिला वर, दुसरा त्याच्या खाली, रिव्हर्सला दांडा दाबून. मी क्लच दाबून हळूहळू सोडला. गाडी उचलायच्या आधी पायाला जी एक थरथर कळते, ती नव्हती. नुसती स्प्रिंग.

"याला हाफ क्लच लागत नाही," मी सांगितलं.

"काका," तो चष्मा डोळ्यांवर घेत म्हणाला, "आपल्याला घ्यायचं आहे, की माझी परीक्षा घ्यायची आहे?"

मुलगा फोनमध्ये डोकं घालून उभा होता. तो एकदाही चिडला नाही, आणि त्याच्या त्या शहाणपणाचा मला आणखी राग यायचा. असे सात-आठ रविवार गेले. मधल्या वारी मी गाडी काढत होतो, मंडई, बँक, कधी उगाचच सिंहगड रस्त्याने एक चक्कर. जिंकल्यासारखं वाटत होतं. कोणाविरुद्ध जिंकत होतो ते विचारायला नको.

शेवटी दुकानदाराने मला पकडलं. नवीन जोड आली होती. स्टिअरिंग अडीच फेरे, आतल्या मोटरमुळे वळणावर हाताला ओढ देणारं. तीन पेडल, त्यातला क्लच मधेच जड होऊन पुन्हा हलका होणारा, म्हणजे हाफ क्लचच्या बराच जवळ. दांडा मात्र उजवीकडे लावलेला. मला धीर आला.

"आपल्याकडे गिअर डाव्या हाताला असतो. हे परदेशातलं आहे."

त्याने दोन फिरक्या सैल केल्या, दांडा काढला, डावीकडे आणून टेबलाला आवळला आणि म्हणाला, "बसा."

मी बसलो. पहिला टाकला, दुसरा, तिसरा. हात आपोआप जात होता. खोड काढायला काही उरलं नव्हतं, आणि नाही म्हणायचं तर मला खोटं बोलावं लागेल हे तिघांनाही दिसत होतं. "ठीक आहे," मी म्हणालो. मुलाने तिथल्या तिथे कार्ड काढलं. संध्याकाळी त्याने घरी सगळं जोडून दिलं. किल्ली मात्र पुढच्या रविवारी देईन, एवढी एक सवलत मी मिळवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर मी टेबल टीव्हीच्या अगदी पुढ्यात ओढलं आणि बसलो. शर्यत मला करायचीच नव्हती. मुलाने गेममध्ये साधा शहरातला रस्ता लावून दिला होता, येणारी-जाणारी वाहनं असलेला. मी सिग्नल पाळत, इंडिकेटर देत निघालो. पहिल्याच चौकात डावीकडून एक गाडी येऊन आदळली. कुठून आली कळलंच नाही. पुन्हा सुरुवात केली. या वेळी कडेला उभा असलेला ट्रक. मग पुन्हा एक गाडी. प्रत्येक वेळी डावीकडून, आणि प्रत्येक वेळी आकाशातून पडल्यासारखी. अर्ध्या तासात सहा अपघात झाले.

मी दुकानदाराला फोन लावला आणि चढ्या आवाजात सांगितलं, तुमचा माल सदोष आहे, डावीकडचं चित्रच येत नाही. तो म्हणाला, "काका, चित्र टीव्हीत असतं, स्टिअरिंगमध्ये नसतं," आणि फोन ठेवून दिला.

ही भांडी आवरून हात पुसत आली आणि टेबलाशी, माझ्या डाव्या बाजूला, खुर्ची ओढून बसली. मी पुन्हा गाडी काढली.

"डावीकडून लाल गाडी," ती म्हणाली. मी ब्रेक दाबला. लाल गाडी समोरून निघून गेली. "कडेला माणूस आहे. आता जा. थांबा, टेम्पो." मी तिच्या सांगण्यावर चार चौक पार केले. एकही टक्कर झाली नाही. तिच्या आवाजात घाई नव्हती, घाबरणं नव्हतं. रोजच्या कामाचा आवाज होता. वर्षभर गाडीत ती हेच करत होती. "रिक्षा येतेय हो", "मुलं आहेत हं कडेला". मी ते बायकी बडबड म्हणून ऐकत होतो, दोनदा तर गप्प बस म्हणून ओरडलोही होतो, आणि तरीही ऐकून ब्रेक मारत होतो. खांबाच्या दिवशी ती माझ्या आधीच्या ओरडण्यामुळे रुसून गप्प होती.

मी गाडी कडेला घेतली. "पोराला वॉचमनने नाही सांगितलं."

"वॉचमनला काय माहीत? मी सांगितलं. डॉक्टरांची फाइल वाचता येते मला."

"माझ्या पाठीमागे?"

"तोंडावर सांगून बघितलं होतं की वर्षभर." मग म्हणाली, "मला चालवता येत असती, तर नसतं सांगितलं. मीच नेलं असतं तुम्हाला."

दुपारच्या बॅचच्या त्या सगळ्या बायका मी शिकवल्या, त्यांच्या नवऱ्यांना मनातल्या मनात मूर्ख म्हटलं. हिने एकदा विचारलं होतं, लग्नाला चार-पाच वर्षं झाली असतील. मी म्हणालो होतो, घरात एक ड्रायव्हर आहे ना, पुरे झाला.

रविवारची वाट न बघता किल्ली मी तिच्यापुढे टेबलावर ठेवली. तिने ती उचलली, जरा वेळ हातात धरली आणि किल्ली मिळाली म्हणून मुलाला फोन करायला आत गेली.