नाक बंद, कान उघडे: मोऱ्याजवळची पोपटी

मागच्या वर्षी तापातून उठले, तेव्हा वास गेला होता. वास नसणं म्हणजे काय, ते मला रेसिपी वाचताना कळलं. खमंग भाजा. कच्चेपणा जाईपर्यंत परता. सुवास सुटला की पाणी घाला. स्वयंपाकाचे निम्मे शब्द नाकावर उभे आहेत हो. मी पनवेलच्या खांदा कॉलनीतून घरगुती डबे देते. दोनदा वाटण करपलं आणि मला पत्ताच नाही. मग प्रत्येक फोडणीला नवऱ्याला, प्रकाशला हाक: "वास घेऊन सांग ना." त्याचं घरून चालणारं ऑफिस आणि माझे डबे, दोन्हींचा विचका झाला. शेवटी या महिन्यानंतर डबे बंद, असं मी ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यात मैत्रिणीचा, सुवर्णाचा फोन आला. तिचं सासर उरणला, मोरा बंदराच्या अलीकडच्या गावात. रविवारी शेतावर पोपटी आहे, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा-कोंबडीचा बेत, या म्हणाली. वास येत नसताना तिथे जाऊन मी काय करू, असं म्हणेपर्यंत प्रकाशने होकार दिलासुद्धा.

पनवेलहून गव्हाण फाट्यावरून उरणचा रस्ता धरा. एरवी कंटेनरच्या गाड्या जीव नकोसा करतात, पण रविवारी दुपारी आम्ही सुखात पोहोचलो. मुंबईकरांनी मोऱ्याला लाँचने यावं, फक्त भरती-ओहोटी विचारून निघावं. पोपटीचा हंगाम थंडीतला, वालाच्या शेंगा भरल्या की. हॉटेलात मिळते तिच्यावर जाऊ नका. कुणीतरी ओळखीचं शोधा आणि जाताना कोंबडी तुम्ही घेऊन जा.

शेतात सुवर्णाच्या सासूबाई मडकं भरत बसल्या होत्या. मी त्यांना मावशी म्हणते. तळाला भांबुर्ड्याचा पाला, हे भातशेताच्या बांधावर उगवणारं रानटी झुडूप. त्यावर जाडं मीठ आणि ओवा चोळलेल्या शेंगा, मग बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च कोंबलेला. तेलाचा थेंब नाही, पाणी नाही. मडकं जमिनीवर उपडं ठेवलं, भोवती पेंढा आणि काटक्या रचल्या आणि पेटवलं. ज्वाळा मडक्याच्या वर गेल्या. मी आपली बघतच राहिले.

"आता कळायचं कसं, शिजलं ते?" मी विचारलं.

"वासानं," मावशी म्हणाल्या.

माझा चेहरा पडला असणार, कारण सुवर्णाने त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने माझी सगळी कथा सांगितली. मावशींना कमी ऐकू येतं. कानातलं मशीन वाऱ्यात नुसतं घोंघावतं, म्हणून त्या ते काढून ठेवतात.

"मंग बरा झाला," त्या म्हणाल्या. "वारा फिरला की माजा नाक फसतं. आमी पानी पन शिंपडून बगतो, पर आवाज मला येत नाय. तुला येतो ना? तूच सांग बाय."

सुवर्णाचा नवरा हसला. "वहिनी, नीट ऐका बरं. एकदा उघडली की परत लावता येत नाय."

वीसेक माणसं उपाशी आणि निवाडा माझ्याकडे. मावशींनी ओंजळीतून पाणी शिंपडलं. मडक्यावर ते फुसफुसलं आणि ओघळलं.

"नाही झालं," मी मान हलवली.

"आई, वास सुटलाय," सुवर्णाचा नवरा मोठ्याने म्हणाला. मावशींनाही आला असणार, नाकपुड्या हलल्या. तरी त्या काटक्या सारत राहिल्या. "तिला इचारलाय ना आपून?"

पुन्हा पाणी. आता आवाज थोडा कोरडा, तरी शेपूट ओलंच. मी नाही म्हटलं. लोक चुळबुळले. तिसऱ्यांदा थेंब पडताक्षणी चर्र झालं आणि संपलं. ओघळ नाही.

"झालं," मी म्हणाले.

राखेतून मडकं ओढलं, पाला उपसला, आणि वाफेचा लोटच उठला. शेंगा हिरव्यागार आणि मऊ, कोंबडी हाडापासून सुटलेली, कुठे करपल्याचा डाग नाही. बंद मडक्याच्या आतलं सगळं बाहेर ऐकू येत होतं, आणि ते मला ऐकू आलं होतं. मी रडले, सरळ सांगते. मावशींनी सोललेली शेंग माझ्या तोंडात घातली. खारट तेवढी लागली.

घरी येऊन आज आठवडा झाला. वास आलेला नाही, डॉक्टरही खात्री देत नाहीत. पण सोमवारी सकाळी मी एक्झॉस्टचा पंखा बंद केला आणि कढईत कांदा टाकून नुसती उभी राहिले. ओला कांदा केवढा गलका करतो! पाणी आटत जातं तसा आवाज उतरतो, आणि तो गप्प होतो तेव्हा सोनेरी झालेला असतो. सुकं खोबरं भाजून झालं की उलथन्याखाली खरखरतं. इतकी वर्षं हे सगळं ओट्यावर चालू होतं आणि मी नुसतं हुंगत होते.

प्रकाश सवयीने दारात आला. "वास घेऊ का?"

"घेऊ नकोस," मी म्हटलं, "आणि बोलूही नकोस. मला कांदा ऐकू येत नाहीये."